अनुभव धागा: वसतिगृहातली मुलं खोलीबाहेर कशी येतात?

जळगाव, धुळे, नंदुरबारमधले गृहपाल, रेक्टर आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यासाठी हा धागा. कार्यक्रम ठरतो, फळ्यावर सूचना लागते आणि हॉलमध्ये येतात ती नेहमीचीच मुलं. काय चालतं ते बारकाव्यांसह लिहा, काय फसतं त्याचं कारणही लिहा.

गृहपाल, तळोदा
आधी वार बघा. शनिवारी दुपारी निम्मी मुलं एसटीने गावी जातात. बुधवारी किंवा गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर पाऊण तास मिळाला तरी पुरे. कापूस वेचणीत घरी हात लागतात, तेव्हा मोठं काही ठेवू नका. होळीला धडगाव-अक्कलकुव्याची मुलं थांबत नाहीत. काठी गावची होळी सोडून स्नेहसंमेलनाला कोण बसेल?

दुसरी अडचण बोलीची. पावरी, भिली, मावची बोलणारी पहिल्या वर्षाची मुलं भरल्या सभेत प्रमाण मराठीत बोलायला उभी राहत नाहीत. त्यांना रस नाही असा अर्थ काढणं हा अन्याय आहे. मजल्यावार आठ-दहा जणांचे गट करा, प्रत्येकात त्याच बोलीचा एक जुना मुलगा ठेवा. ‘काय करायला आवडेल?’ या मोघम प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘ढोल कोण वाजवतं, हिशोब कोण लिहील, मांडव कोण बांधेल?’ असं विचारलं की हात वर होतात.

मुलींचं वसतिगृह, जळगाव
सरांचं पटलं. काम वाटून द्यायला हिवाळ्यातली भरीत पार्टी उत्तम, कारण सगळ्यांना पुरेल इतकं काम त्यात असतं. साठ मुलींसाठी भरताची मोठी हिरवी वांगी 20 किलो, हिरवी मिरची 1 किलो, लसूण अर्धा किलो, शेंगदाणे 1 किलो, तेल दीड लिटर, शिवाय कांद्याची पात आणि कोथिंबीर. पुऱ्या किंवा कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी मेसच्या मावशींकडे सोपवा, पण लाटायला चार मुली द्या.

वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावावा, नाहीतर ती फुटतात. कपाशीच्या वाळक्या काड्या भराभर जळतात, म्हणून दुसरा ढीग जवळ हवा. काड्या ओल्या असल्या तर नुसता धूर होतो आणि वांगी आत कच्ची राहतात. भाजून झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवली की साल अलगद सुटते. भट्टी इमारतीपासून लांब, पाण्याच्या बादल्या शेजारी, ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या.

सगळ्यात जपायचं ते वर्गणीला. सरसकट शंभर रुपये लावले की ज्यांच्याकडे नसतात त्या ‘पोट दुखतंय’ म्हणून खोलीत राहतात. डबा ठेवा, जमेल तेवढे टाका म्हणा, नावांची यादी लावू नका. खर्चाचा कागद मात्र दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागलाच पाहिजे.

विद्यार्थी प्रतिनिधी, धुळे
व्हॉलीबॉलला जागा 18 बाय 9 मीटर, शिवाय चारी बाजूंनी मोकळी. चांगले खेळणारे मैदान अडवतात आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून 15 गुणांचा डाव, हरलेला संघ बाहेर आणि प्रत्येक संघात पहिल्या वर्षाचे दोघे सक्तीने. मार्चपासून पुढे ऊन उतरल्याशिवाय मैदानावर कुणाला बोलावू नका.

ग्रंथपाल, अमळनेर
जे मैदानावर येत नाहीत त्यांच्यासाठी भित्तिपत्रक. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. आज रोज जमणार नाही, पंधरवड्याला एक ड्रॉइंग शीट जमतं. संपादक दर अंकाला बदला. अहिराणी, पावरी मजकूर जसाच्या तसा घ्या, ‘शुद्ध’ करू नका. दुरुस्त होऊन छापलेलं बघितलं की तो मुलगा पुन्हा लिहीत नाही.

रेक्टर, नंदुरबार
जिथे जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात आणि मेस नाही, तिथे एकत्र बसण्याची जागाच उरत नाही. मुलं खोलीत डबा खातात. आठवड्यातून एका रात्री सगळ्यांनी आपापला डबा घेऊन व्हरांड्यात बसायचं, एवढंच ठरवा. सतरंज्या अंथरणं एका मजल्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, झाडणं तिसऱ्याकडे, दर आठवड्याला पाळी फिरती. भाषण नको, हजेरी तर नकोच. हजेरी घेतली की मुलं सही करून निघून जातात.