चिंडिट दल: वेगळी फौज हवी होती की वेगळी रीत?

पायदळी (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांच्या पिछाडीला घुसलेल्या ब्रिटिशांच्या चिंडिट दलाविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा त्याचे संस्थापक ऑर्ड विंगेट यांच्या दाढीभोवती आणि ते खात असत त्या कच्च्या कांद्यांभोवतीच फिरते. मला चर्चा करायची आहे ती त्या दलाच्या रचनेची. विंगेट यांनी बसवलेली रीत अस्सल होती, पण तिच्यासाठी वेगळी फौज उभारणे ही चूक होती, असे माझे मत आहे.

1943 च्या फेब्रुवारीत 77 व्या भारतीय ब्रिगेडचे सुमारे 3000 सैनिक चिंदविन नदी ओलांडून गेले, तेव्हा ब्रिगेडची नेहमीची मांडणी मोडून तिचे सात कॉलम केलेले होते. एका कॉलममध्ये साधारण तीनशे ते चारशे माणसे, शंभराच्या आसपास खेचरे, मोजक्या मॉर्टर आणि मशीनगन, सुरुंग लावणारी कमांडो तुकडी, वाटा आणि बोली जाणणारी बर्मा रायफल्सची तुकडी आणि बिनतारी संचासह हवाई दलाचा एक अधिकारी असे. माझ्या मते सारी किल्ली या अधिकाऱ्याच्या हाती होती. फौजेची रसद रस्त्यावरून येत असली की फौज रस्त्याला बांधलेली राहते. रसद आकाशातून पडू लागली की शत्रूला तोडण्याजोगा रस्ताच उरत नाही.

आता ही कामगिरी कोणी केली ते पाहा. त्या ब्रिगेडमधली 13 वी किंग्ज (लिव्हरपूल) पलटण ही सिकंदराबादला बंदोबस्तावर असलेली, तिशी ओलांडलेल्या आणि संसारी माणसांची भरपूर भरती असलेली साधी पलटण होती. हे तिला शिकवता आले, तर कोणत्याही पलटणीला शिकवता आले असते. तरीही 1944 साठी 70 वी ब्रिटिश डिव्हिजन मोडून सहा ब्रिगेडची, सुमारे 20,000 माणसांची स्वतंत्र फौज उभी करण्यात आली. चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी युद्धानंतर या प्रकाराची थट्टा करताना विचारले होते की झाडावर चढण्यासाठी झाडचढ्यांची शाही पलटण काढून बाकीच्या शिपायांना झाडावर चढण्यापासून सूट द्यायची काय. 1944 च्याच मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाक येथे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण 50 व्या छत्रीधारी (पॅराशूटने उतरणाऱ्या) ब्रिगेडच्या हाताखाली जपानी लोंढा अडवून बसली होती, आणि तिला कोणी विशेष दल म्हणत नव्हते.

रसदवाला

सांगशाकचे उदाहरण आपल्याच अंगावर उलटते. मराठ्यांच्या शेजारच्या दोन पलटणी छत्रीधारी, म्हणजे खास उभारलेल्याच होत्या.

किंग्ज पलटणीविषयी सांगताना आपण मधले सहा महिने गाळलेत. सागर जिल्ह्याच्या जंगलात, ऐन पावसाळ्यात, त्या पलटणीतली न टिकणारी माणसे बाजूला काढली गेली आणि त्यांच्या जागी दुसरी आणली गेली. दाट रानात पाण्याची जागा हेरणे, खेचरांसह रुंद नदी पोहून जाणे, पाच-सहा दिवसांच्या शिध्यात दहा दिवस काढणे ही कामे एखाद्या पलटणीला कवायतीच्या मैदानावर जाताजाता शिकवता येत नाहीत. (शिध्यात ‘शकरपुरा’ नावाची कडक बिस्किटे, खजूर आणि मनुका असत, ते नाव वाचले की मला दरवेळी शंकरपाळे आठवतात, पण चव तशी नसावी.) पुढे तर खेचरांनी ओरडून जागा दाखवू नये म्हणून शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाजच काढून टाकला जाऊ लागला.

दुसरा मुद्दा विमानांचा आहे. 1943 मध्ये चालता न येणारा जखमी एखाद्या खेड्यात किंवा झाडाखाली सोडून पुढे जावे लागत असे, आणि प्रत्येक शिपायाला ते ठाऊक होते. विंगेट यांनी दोस्त राष्ट्रांच्या क्वेबेक परिषदेत मांडलेल्या योजनेमुळे अमेरिकेने फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन यांच्या हाताखाली एक संपूर्ण हवाई पथक या एकाच दलासाठी दिले, ज्यात ग्लायडर, मालवाहू डाकोटा, लढाऊ मस्टँग, बाँबफेकी मिचेल आणि जखमींना उचलणारी शंभरेक हलकी विमाने होती. त्या पथकाच्या हेलिकॉप्टरने एप्रिल 1944 मध्ये जंगलातून माणसे सोडवून आणली, आणि युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ती पहिली सुटका मानली जाते. ‘कोणत्याही पलटणीसाठी’ एवढी विमाने कोणी दिली असती?

रचनाही जशीच्या तशी राहिली नव्हती. 1944 मध्ये प्रत्येक पलटणीचे दोन कॉलम झाले आणि त्यांच्या जोडीला ठाण्याची कल्पना आली, म्हणजे जिथे शत्रूच्या गाड्या आणि रणगाडे पोहोचू शकत नाहीत अशी जागा निवडायची, तिथे धावपट्टी करायची, तोफा उतरवायच्या आणि आजूबाजूला फिरते कॉलम ठेवायचे. 5 मार्चला ‘पिकॅडिली’ या जागेवर ओंडके पसरलेले दिसल्याने ऐन वेळी ‘ब्रॉडवे’वर ग्लायडर उतरवले गेले, त्यांतले कितीतरी मोडले, तरीही दुसऱ्या रात्री तिथे डाकोटा उतरू लागल्या आणि सुमारे आठवडाभरात नऊ हजारांच्या आसपास माणसे शत्रूच्या पोटात पोहोचली.

नकाशाप्रेमी

पोहोचली खरी, पण त्यातून झाले काय? पहिल्या मोहिमेतून 2182 जण परतले आणि त्यांतले सहाशेएक पुन्हा लढण्याच्या लायक राहिले नाहीत. मंडाले-म्यितकिना लोहमार्गाची मोडतोड जपान्यांनी लवकरच दुरुस्त केली. गंमत अशी की या मोहिमेचा सर्वांत मोठा परिणाम शत्रूच्या डोक्यात झाला. चिंदविनच्या पलीकडच्या डोंगरांतून मोठी फौज जाऊ शकते, हे ब्रिटिशांनी करून दाखवल्यावर जपानी सेनापती मुतागुची यांना इंफाळची स्वारी शक्य वाटू लागली. हा परिणाम विंगेट यांच्या योजनेत कुठेच नव्हता, म्हणून त्याचे श्रेय दलाच्या रचनेला देता येणार नाही.

1944 मध्ये मावलूजवळच्या ‘व्हाइट सिटी’ नाक्याने लोहमार्ग खरोखर तोडला, पण तो लोहमार्ग मुख्यतः उत्तरेकडून चिनी फौज घेऊन येणारे अमेरिकन सेनापती स्टिलवेल यांच्यासमोरच्या 18 व्या जपानी डिव्हिजनच्या रसदीचा होता. इंफाळवर चालून गेलेल्यांचा नव्हे. उलट विंगेट यांच्याकडून काढून कोहिमाकडे दिलेली 23 वी ब्रिगेड नागा टेकड्यांत 31 व्या जपानी डिव्हिजनच्या वाटा तोडत होती, म्हणजेच मुख्य लढाईशी जोडून असताना हेच कॉलम अधिक उपयोगी पडत होते. अमेरिकनांची 5307 वी तुकडीही त्याच वळणाची होती. (ऑक्टोबर 1943 च्या अखेरीस मुंबईला उतरून ती काही आठवडे आपल्या देवळालीच्या छावणीत होती, हे नाशिककरांनाही सहसा ठाऊक नसते.) तिने चिनी फौजेच्या आघाडीपासून फार दूर न जाता बाजूने वळसे घातले.

इरावती

आपण तिघेही रचनेवर बोलत आहात, पण त्या रचनेला एक मुदत होती. असे दल सुमारे 90 दिवसांनी बाहेर काढले पाहिजे, हा विंगेट यांचाच नियम होता. 24 मार्चला विमान अपघातात ते गेले, लेंटेन यांच्याकडे सूत्रे आली, आणि मे महिन्यात दल स्टिलवेल यांच्या हाताखाली गेले. त्याच महिन्यात 111 व्या ब्रिगेडने ‘ब्लॅकपूल’ हा नाका पावसाळ्याच्या तोंडावर आणि शत्रूच्या तोफांच्या पल्ल्यात बसवला, जो 25 मे रोजी सोडावा लागला. ज्यांना हलवणे शक्य नव्हते अशा 19 जखमींना आपल्याच माणसांनी गोळ्या घातल्या. मोठ्या तोफा नसलेल्या 77 व्या ब्रिगेडला मोगाँगवर समोरून चढाई करायला लावले. 26 जूनला गाव पडले, पण ब्रिगेड जवळजवळ अर्धी झाली होती. जुलैत 111 व्या ब्रिगेडची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा सुमारे 2200 जणांतून 118 धडधाकट निघाले. कोयत्याने लाकूड फोडायचे आणि मग कोयता बोथट झाला म्हणून लोहाराला बोल लावायचा, असा हा प्रकार आहे.

पायदळी

इरावती यांचा मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूचा ठरतो. वेगळे दल संकटकाळी साध्या पायदळासारखे वापरले जाणार, हे ठरलेलेच असते. आणि त्या कामासाठी त्याच्याकडे तोफा, रणगाडे, बदली माणसे यांतले काहीच नसते.

विमानांविषयी रसदवाला यांना एवढेच विचारतो की फेब्रुवारी 1944 मध्ये आराकानात वेढलेली 7 वी भारतीय डिव्हिजन आकाशातून आलेल्या रसदीवर टिकली, मार्चमध्ये 5 वी डिव्हिजन तोफा-खेचरांसह विमानाने इंफाळला आली, या डिव्हिजन कोणत्या विशेष दलाच्या होत्या? चिंडिट दल फेब्रुवारी 1945 मध्ये विसर्जित झाले आणि पुढच्याच महिन्यात 17 व्या डिव्हिजनने रणगाड्यांच्या साथीने, शत्रूच्या पिछाडीचे मेइक्तिला घेतले आणि वेढ्यात राहून हवाई रसदीवर टिकवले.

रसदवाला

त्या सर्व डिव्हिजनना आकाशातली रसद भरवशाची वाटली ती 1943 च्या त्या सात कॉलमनी आधी उपाशी राहून पाहिले म्हणून. मेइक्तिलाचा दाखला मी माझ्याच खात्यात मांडतो.