वर्गनिरीक्षणात 84 टक्के नोंदी जुळतात, तरी मार्गदर्शक म्हणतात एवढं पुरेसं नाही

सातपुडा_पायथा:
चोपडा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या मुलांचं वर्तन नोंदवतेय. एका वेळी एकच मूल, दर 15 सेकंदांनी 'लक्ष आहे' किंवा 'नाही', 25 मिनिटांत 100 खुणा. निरीक्षक दोन. एका तासिकेचा हिशेब: दोघांचं 'आहे' 80, दोघांचं 'नाही' 4, फक्त पहिल्याचं 'नाही' 8, फक्त दुसऱ्याचं 8. चुकतंय कुठे?

आकडेमोड_भाऊ:
ताई, मार्गदर्शकांचं बरोबर आहे. दोघेही 88 वेळा 'आहे' लिहिताहेत. डोळे मिटून खुणा केल्या तरी 0.88 × 0.88 अधिक 0.12 × 0.12, म्हणजे 0.79 इतकं आपोआप जुळणारच. हे आपोआप जुळणारं वगळून खरं एकमत किती, ते 'कप्पा' हा निर्देशांक सांगतो. कप्पा = (0.84 − 0.79) ÷ (1 − 0.79), साधारण 0.24. निदान 0.6 तरी हवा. आणि तुम्हाला शोधायचंय ते 'नाही'. ते 20 ठिकाणी कुणीतरी लिहिलंय, एकमत फक्त 4 ठिकाणी.

फळा_खडू:
दोष व्याख्येत आहे. 'लक्ष' डोळ्यांना दिसत नाही. नजर, हात, तोंड दिसतं. नजर फळ्यावर, वहीवर किंवा बोलणाऱ्याकडे असेल तर 'आहे', असं लिहूनच काढा. खूण फक्त 15व्या सेकंदाच्या क्षणाची. मध्ये दोन सेकंद खिडकीबाहेर पाहिलं म्हणून अख्खे 15 सेकंद 'नाही' धरले की आकडा फुगतो. तुमच्यात असं कुणी करतंय का, बघा.
दोघांच्या फोनवर एकच ध्वनिफीत एकदम सुरू करा, इयरफोन एकाच कानात. बसा मात्र वेगवेगळ्या कोपऱ्यांत; शेजाऱ्याचं पेन हललं की आपलंही हलतं. सुरुवातीच्या तासिका मोजू नका, तेव्हा पोरं पाहुण्यांनाच न्याहाळत असतात.

तळोदा_वाट:
पाड्यावरची मुलं आहेत का? घरी पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारं मूल 'पान उलटा' ऐकलं की आधी शेजाऱ्याच्या पुस्तकात बघतं, मग पान उलटतं. वरच्या व्याख्येने ते 'नाही'त जाईल, आणि बिचारं तर सूचना समजून घेतंय! सूचनेनंतरच्या 5 सेकंदांतली अशी नजर वेगळ्या खुणेने नोंदवा. अहिराणी घरातल्या लहान मुलांतही हे दिसतं, थोडं कमी.
शिक्षकांकडून मुलांच्या वर्तनातली बलस्थानं आणि अडचणी मोजणारी गुडमन यांची 25 विधानांची प्रश्नावली (SDQ, 1997) घेणार असाल तर दिवाळीनंतर घ्या. जुलैत नव्या वर्गशिक्षकाला मूल ओळखीचं नसतं. 7, 11, 14, 21, 25 या विधानांचे गुण उलटे मोजायचे, हमखास राहून जातं. एकूण अडचणींची बेरीज 0 ते 40. मदतशील वर्तनाची पाच विधानं त्यात धरायची नाहीत. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी बघूनच मुलं निवडा, नाहीतर निम्मा नमुना शेतात.

सातपुडा_पायथा:
हो, बरीच मुलं पावरीच बोलतात. पेन्सिलीला टोक करणं कशात टाकू? आमचे वाद तिथेच होतात.

फळा_खडू:
लेखनाचं काम चालू असताना जागेवर बसून टोक केलं तर 'आहे'. त्याच कामात दुसऱ्यांदा, किंवा उठून कचरापेटीपाशी गेला तर 'नाही'. पण नियम बदललात तर जुन्या तासिका नव्यात मिसळू नका.