मदत हवी आहे: घरात बेकायदा शिरणाऱ्या सरकारी माणसाला अडवता येतं का?

मंडळी, वादविवादाला विषय मिळालाय: 'घर राखण्याचा हक्क सरकारी माणसापुढेही टिकतो'. मी विषयाच्या बाजूने बोलणार आहे आणि तिसऱ्या मिनिटालाच गाडी अडते.

सुरुवात जमलीय. इंग्लंडमधला १६०४ चा सेमेन खटला, 'ज्याचं घर त्याचा किल्ला' हे वचन तिथलं. पण लोक ते अर्धंच सांगतात. राजाच्या कामी आलेल्या शेरीफला (हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याला) दार फोडता येतं, असंही त्याच निकालात आहे. फक्त आधी त्याने कशासाठी आलो ते सांगायचं आणि दार उघडा म्हणायचं.

पुढे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक. तो तर म्हणतो की ज्याला मला रस्त्यात पकडायचा अधिकार आहे, तो त्याच हुकमावर माझं घर फोडू लागला तर त्याला चोरासारखं अडवावं. वाचून मी खूश झालो.

मग इंग्लिश लेखक जॉन एंटिकचा खटला घेतला आणि तिथेच घसरलो. १७६२ मध्ये राजाचे शिपाई त्याच्या घरात शिरले, चार तास कपाटं-पेट्या फोडून कागद उचकत बसले. १७६५ मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॅमडेननी निकाल दिला की अशा वॉरंटला कायद्यात आधारच नाही. टाळ्यांचं वाक्य! पण एंटिक जिंकला तो नंतर कोर्टात, दारात हाणामारी करून नव्हे. म्हणजे माझंच उदाहरण समोरच्याच्या कामाचं.

सरावाला धाकटी बहीण विरोधी पक्षात बसते. तिने एकच विचारलं, "दादा, माणूस दारात उभा आहे, हातात कागद आहे. तो कागद खोटा आहे हे तुला त्या मिनिटाला कळलं कसं?" मी पाणी प्यायला उठलो.

आपला कायदाही तिच्याच बाजूचा दिसतो. जुन्या दंड संहितेचं कलम ९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३७: लोकसेवक सद्भावनेने, पदाच्या नात्याने काही करत असेल आणि जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर त्याचं कृत्य कायद्यात काटेकोर बसत नसलं तरी खासगी बचावाचा हक्क नाही. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पोलिसांच्या बेकायदा प्रवेशालाही बळाने विरोध करता येणार नाही असं ठरवलं, तर २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून तो हक्क काही अटींवर परत दिला. एका वर्षात दोन टोकं.

'कोर्टात जा' हे मला पटतं. पण घर पाडून झाल्यावर कोर्टात जाऊन काय विटा मोजायच्या? यावर काय बोलू?

प्रतिसाद १:
तुमची बहीण वकील होणार. पण तुम्ही विषय नीट वाचा. 'हक्क टिकतो' म्हटलंय, 'काठीने टिकतो' म्हटलेलं नाही. दार न उघडता कागद मागणं, तो वाचणं, नाव आणि हुद्दा विचारणं, मुदत मागणं हेही घर राखणंच. ३७ चं स्पष्टीकरण बघा. समोरचा लोकसेवक आहे हे ठाऊक नसेल आणि तसं समजायला कारणही नसेल, तर बचावाचा हक्क जात नाही. कोणाच्या हुकमावरून आलेला माणूस लेखी अधिकार असूनही मागितल्यावर दाखवत नसेल, तरीही तेच. म्हणजे कागद मागणं हा नुसता शिष्टाचार नाही. अर्थात ही चर्चेची गोष्ट. प्रत्यक्षात लोकसेवकावर हात टाकलात तर त्याच संहितेचं कलम १३२ आहेच, तो गुन्हा ठरतो.

विटांबद्दल: सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल घ्या. पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस, पाडकामाचं चित्रीकरण आणि नियम मोडले तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामांना ते लागू नाही, हे विसरू नका, नाहीतर समोरचा तिथेच पकडेल. मुद्दा असा की जे परत उभं करता येत नाही, तिथे कायद्याने बळ दिलं नाही, वेळ दिला.

मूळ धागाकर्ता:
'बळ नाही, वेळ' हे उचललं, आभार! आजच बहिणीवर वापरलं. ती म्हणाली, "आणि नोटीसच न देता आले तर?" कलम ३७ तरीही आड येतंच, कारण सद्भावना नव्हती हे मी दारात उभा राहून सिद्ध कसं करणार? नोटीस न देणं हाच सद्भावना नसल्याचा पुरावा मानलेला एखादा निकाल कोणाला माहीत आहे का? स्पर्धा शनिवारी आहे.