आधीचा एकही खूणदगड नसताना पहिली मोजणी कशी करत असत?

साखळीचा विद्यार्थी:
नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) उभे करण्याआधी सर आम्हाला एक ज्ञात बिंदू दाखवतात, त्याची उंची आणि स्थान वहीत आधीच लिहिलेले असते, आणि पुढचे सारे काम त्याच्या आधाराने चालते. ज्या मुलखाचा नकाशाच नव्हता, तिथे हा पहिला बिंदू कुठून आणत असत? चूक झाली तर ती ताडून कशाशी पाहायची? आणि एवढे हाल सोसून माणसे या कामाकडे का वळत असत, हेही जाणकारांनी सांगावे.

निवृत्त भूमापक, वाळपई:
साखळी गावच्या मुलाने मोजणीच्या साखळीच्या कामाबद्दल विचारावे, हा योग चांगला आहे. पहिला बिंदू आणावा लागत नाही, तो धरावा लागतो. सपाट जागा पाहून एक रेषा अतिशय काळजीने मोजायची, तिला पायारेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील झेंडीचे कोन घेतले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू तिथवर न चालताही गणिताने मिळतात, आणि त्यांतली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. साहजिकच पहिल्या रेषेतली चूकही त्यांच्याबरोबर पुढे जाते.

म्हणूनच 1802 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि भूमापक विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली, तेव्हा पोलादी साखळी उन्हाने वाढते हे जाणून ती लाकडी पेट्यांमध्ये, तंबूच्या सावलीत ठेवून, तापमान पाहत मोजली. ताडून पाहायला दुसऱ्या कोणाचा नकाशा नव्हता. त्यामुळे त्रिकोणांची माळ बंगळूरपर्यंत नेल्यावर 1804 मध्ये तिथे दुसरी पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली गेली. गणिताने आलेल्या आणि मोजून आलेल्या लांबीत अवघा पावणेचार इंचांच्या आसपास फरक निघाला. तो आकडा वहीत उतरवताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने कधी ट्रॅव्हर्स बंद केला आहे, म्हणजे रेषांमागून रेषा मोजत सुरुवातीच्या बिंदूशी आकडे जुळवले आहेत, त्यालाच येईल.

माझा अनुभव फार लहान आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यात मी होकायंत्राने रेषा घेत होतो. एका टोकावरून घेतलेले बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला रेषेचा दिशाकोन) आणि दुसऱ्या टोकावरून उलट घेतलेले बेअरिंग यांत बरोबर 180 अंशांचे अंतर हवे; माझे 177 आले. दोनदा घेतले, तरी तेच. जमिनीतले लोह सुई ओढत होते आणि मी दुपारभर साखळी धरणाऱ्या गड्याला दोष देत होतो, याची आजही लाज वाटते.

इतिहास-अभ्यासक, फोंडा:
तुमची सुई ओढली गेली, तसा लॅम्बटन यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पथकाचा ओळंबा ओढला गेला होता. मध्य भारतातील कल्याणपूर आणि हिमालयाच्या पायथ्याकडील कल्याणा यांच्यातील अंतर त्रिकोणांनी एक आले आणि ओळंब्याच्या आधाराने घेतलेल्या ताऱ्यांच्या वेधांवरून दुसरे. फरक सुमारे 5 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरांच्या जवळपास. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते, हे पुढे गणिती जॉन प्रॅट यांनी हिशेबाला घेतले, तर अपेक्षित ओढ प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त निघाली. तेव्हा पर्वताखालचे कवच तुलनेने हलके असले पाहिजे, असा विचार 1855 मध्ये पुढे आला. विद्यार्थ्याच्या ‘का वळत’ या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. मोजायला गेले होते जमिनीचा पृष्ठभाग, आणि न जुळलेल्या आकड्याने पोटातले सांगितले.

सत्तरीकर:
‘नकाशा नसलेला मुलूख’ या शब्दांना माझी हरकत आहे. आमच्या गावात प्रत्येक व्हाळाला (ओढ्याला), सड्याला (कातळी माळाला) आणि राईला नाव होते. नव्हता तो कागद. मोजणीदार झेंडी कुठे लावायची हे आमच्याच आजोबांना विचारत, आणि झाडी तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, तापाने आजारी पडणारे हातही बहुधा स्थानिकांचेच असत. तिबेटचेच पाहा. कुमाऊँच्या नैनसिंह रावत यांनी 1865-66 मध्ये ल्हासाची वाट छुपेपणाने पावले मोजून नोंदवली. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकत असे. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, पाठीवर घेऊन त्यांना सीमा ओलांडता आलीच नसती.

साखळीचा विद्यार्थी:
सर्वांचे आभार. येत्या रविवारी आम्ही तिघे मित्र घरामागच्या सड्यावर होकायंत्र आणि टेप घेऊन पाच बाजूंची आकृती मोजणार आहोत, कुठलाही ज्ञात बिंदू न घेता.

निवृत्त भूमापक, वाळपई:
अवश्य मोजा. प्रत्येक बेअरिंग दोन्ही टोकांवरून घ्या, वही शाईने लिहा आणि खोडू नका, चुकलेला आकडा आडवी रेघ मारून तसाच राहू द्या. झुडपे तोडायला कोयता न्यालच; तो आणि खिशातल्या किल्ल्या होकायंत्रापासून दहा हात लांब ठेवा.