सरकारी विद्यापीठात शिक्षण स्वस्त म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्ण हिशोब मांडा

गिरणाकाठ:
जळगावच्या आपल्या विद्यापीठात फी कमी आहे, मान्य. पण फीची पावती म्हणजे सगळा खर्च नाही ना भाऊ. पोरगं शिरपूरहून, शहाद्याहून येतं, होस्टेलला नंबर नाही लागला की कॉट बेसिसवर रूम, डिपॉझिट, मेसचे पैसे ॲडव्हान्स, वर झेरॉक्स न् बाइंडिंग. आणि घरातला कामाचा एक माणूस कमी होतो तो खर्च तर कोणी धरतच नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो, मजूर मिळत नाही, आणि सेमिस्टरची परीक्षा पण तेव्हाच. मग बाप किलोवर मजुरी देऊन वेचून घेतो, हा पैसा शिक्षणाचाच झाला की नाही?

केळीबाग यावल:
नाही पटत. वेचणीला पोरगं घरी पाहिजे हे धरलं तर शेतकऱ्याच्या घरात कोणी शिकूच नये. १९९० च्या आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, विद्यापीठातलं काम निघालं की पुण्याचं भाडं न् मुक्काम, तो खर्च कोणी मोजला? आता एसटीच्या पासला विद्यार्थ्याला एक तृतीयांशच पैसे लागतात. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बऱ्याच मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसीची ट्यूशन न् परीक्षा फी माफ. अजून काय पाहिजे?

सातपुड्याची लेक:
दादा, पास अप-डाउन करणाऱ्यांसाठी. धडगावहून जळगाव रोज कोण करणार? माफी पण फीची आहे, भाड्याची नाही. मला होस्टेल मिळालं नाही म्हणून भत्ता मंजूर झाला, पण रूमवाली काकू एक तारखेलाच दारात उभी आणि भत्ता आला सेमिस्टर संपता संपता. तोवर आईने बचत गटातून उचलले, त्याचं व्याज आम्हीच भरलं. ते कोणत्या पावतीवर दिसतं सांगा.

केळीबाग यावल:
ताई, भत्ता उशिरा येतो हे चूकच, त्यावर भांडायला मी पण येतो. पण "सरकारी पण महागच" असं गावात पसरलं ना, तर लोक पोरींना बारावीनंतर घरी बसवतील, काही जण कर्ज काढून प्रायव्हेटला टाकतील. मला भीती त्याची आहे.

गिरणाकाठ:
उलट आहे. खर्च आधी कळला तर बाप सोय करतो, पहिल्या वर्षाच्या मध्यात कळला तर पोरगं घरी परत येतं. म्हणून म्हणतो, ॲडमिशनच्या माहितीपत्रकात फीच्या शेजारी रूम-मेसचा अंदाज छापा, आणि भत्त्याचा पहिला हप्ता ॲडमिशन झाल्या झाल्या द्या.

सातपुड्याची लेक:
हो, आणि होस्टेलची यादी कॉलेज सुरू व्हायच्या आधी लावा. रूमचं डिपॉझिट देऊन बसल्यावर नंबर लागून काय उपयोग, ते परत कोणी देत नाही.