माइक सोडून कॅमेऱ्यामागे गेलेले कोणी आहात का? अनुभव लिहा

आमच्या ओळखीतला एक आरजे नोकरी सोडून स्वतःच्या पैशांनी सिनेमा करायला निघालाय, घरी तीन दिवस अबोला चालू आहे. तुमच्यातलं किंवा तुमच्या घरातलं कोणी ह्यातून गेलं असेल तर लिहा. गोडगोड नको.

पंचवटी :
अकरा वर्षं सकाळचा शो केला. रेडिओत दोन सेकंद आवाज गेला तरी पोटात गोळा येतो, डेड एअर म्हणजे पापच, आणि तीच खोड सिनेमात नडली ना. एक बाई रामकुंडावर नवऱ्याच्या अस्थी सोडते असा सीन, मी तिच्या तोंडी पाऊण मिनिटाचं स्वगत दिलेलं. एडिटर म्हणे ताई, हे सगळं दिसतंय की. दोन दिवस भांडले मग काढलं. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला अख्खा मूकपट काढला आणि मला पाऊण मिनिट गप्प बसवेना! आता गंमत अशी की लोकेशन सोडायच्या आधी रूम टोन घ्यावा लागतो, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, नाहीतर एडिटला दोन वाक्यांच्या मधे भोक पडल्यासारखं ऐकू येतं. तर मीच सगळ्या युनिटला मिनिटभर पुतळ्यासारखं उभं करते, कोणी खोकलं की परत पहिल्यापासून.

इंदिरानगर :
मी सिनेमावाली नाही, सिनेमावाल्याची बायको. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, दागिने दिले हे आमच्या ह्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की शेवटी म्हटलं, सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मपण धुवायच्या, ते कोण सांगणार? त्यावर गप्प. पाटल्या अजून हातात आहेत, पण पिठलं-भाकरी मात्र सोळा दिवस मीच पुरवली.

सिडको :
शूटिंग संपलं म्हणजे सिनेमा झाला असं समजू नका. डबिंग, मिक्सिंग, डीसीपी (थेटरात लावायची डिजिटल कॉपी), सेन्सॉरचं सर्टिफिकेट, सगळे पैसे तिथे जातात आणि आपण ते ड्रोनवर उडवलेले असतात. मला एकच शो मिळाला, सकाळी दहाचा. बाहेर एक काका म्हणाले, आवाज ओळखला हो तुमचा, रेडिओवर परत कधी येताय?? सिनेमाबद्दल चकार शब्द नाही.

नाशिकरोड :
माझी फिल्म अर्धी, हार्डडिस्क कपाटात, नोकरी अजून रेडिओतच. पंचवटीवाल्या ताई, एक विचारायचंय, माझ्या सगळ्यात चांगल्या टेकमधे मागे रेल्वेचा भोंगा आलाय, डायलॉगवरच. निघेल का?

पंचवटी :
डायलॉगवर असेल तर धड निघत नाही, डब करावा लागेल. पण नाशिकरोडचंच घर दाखवलंय ना? मग वाजू दे की.