‘तू’, ‘तुम्ही’ आणि वॉचमन काका: शिष्टाचाराला आता काही अर्थ उरलाय का?

दादरची_मावशी
परवा संध्याकाळची गोष्ट. आमचे वॉचमन काका साठीच्या पुढचे, गुडघा दुखतो त्यांचा, चहाचा पेला नुकता तोंडाला लावलेला. गेटबाहेरून बारा-तेरा वर्षांचा मुलगा ओरडला, "ए वॉचमन, खोल ना जल्दी". काकांनी पेला खाली ठेवला, खुर्चीला धरून उठले, गेट उघडलं. मुलाची आई शेजारीच फोनवर होती. मी मुलाला म्हटलं, बाळा, काका म्हणावं रे. तर आई फोन बाजूला करून मला म्हणते, "त्यांचं कामच आहे ते, पैसे देतो ना आपण."
दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. पैसे दिले की नीट बोलायची गरज संपते का? मी तेहतीस वर्षं नोकरी केली, काउंटरवर बसून हजारो माणसं बघितली, आणि माझं तरी मत आहे की माणूस कसा आहे ते तो आपल्यापेक्षा खालच्या जागी बसलेल्याशी कसा बोलतो त्यावरून कळतं. तुम्हाला काय वाटतं, खरंच सांगा.

विरार_फास्ट
मावशी, राग मानू नका पण मला हा विषयच वेळ असणाऱ्या लोकांचा वाटतो. मी रोज नालासोपारा ते लोअर परळ करतो. गाडी स्टेशनात थांबते अर्धा मिनिट, त्यात "तुम्ही आधी, नाही नाही तुम्ही" केलं तर लेटमार्क माझ्या नावावर लागतो. आणि दुसरं, आमच्या सोसायटीत सगळे अगदी गोड बोलतात, काका काका करतात, दिवाळीला मिठाईचा बॉक्स देतात. मागच्या एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, त्याच काकांचा पगार वाढवायचा विषय निघाला, मेंटेनन्स थोडा वाढला असता, तर मोजून चार हात वर. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाला तुमचं ‘अहो’ हवंय की पगार? मला विचाराल तर अरे म्हणा पण पैसे नीट द्या.

डोंबिवली_लेडीज_डबा
अर्धा मिनिट थांबते म्हणूनच तर शिष्टाचार लागतो! बावीस वर्षं झाली मला सेंट्रलने. आमच्या डब्यात कोणी प्लीज-थँक्यू करत नाही, पण चढल्या चढल्या पहिला प्रश्न काय असतो? "कुठे उतरणार?" समोरची म्हणाली घाटकोपर, की ती सीट माझी, आणि नंतर कोणी विचारलं तर तीच सांगते, "दिलीय हो यांना". दारात उभं राहायचं तर आधी विचारायचं, पुढचं उतरणार का, नाहीतर आत सरका. बॅग हातोहात रॅकवर जाते, कुणाची आहे ते बघत नाही कोणी. आणि तीन जणींच्या बाकावर चौथी आली की तिघी न बोलता सरकतात, अर्धी बाहेर लटकली तरी चालेल पण बसवतात. हे कुठे लिहिलेलं नाही, रेल्वेने शिकवलेलं नाही. हे पाळलं नाही ना तर रोज मारामारी होईल. जी नवी मुलगी कानात हेडफोन घालून सरळ दारात उभी राहते तिला पहिल्या दिवशी ऐकावं लागतं, आठवड्यात शिकते.

गोरेगावकर
यावरून आठवलं. २००६ साली रीडर्स डायजेस्टने जगातल्या ३५ शहरांत सौजन्याची परीक्षा घेतली होती. मागून येणाऱ्यासाठी दार धरता का, कुणाचे कागद पडले तर उचलून देता का, आणि छोटी वस्तू घेतल्यावर दुकानदार थँक्यू म्हणतो का. न्यूयॉर्क पहिलं, ८० टक्के. मुंबई शेवटची, ३२. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं मला. पण आता वाटतं, अरे आपला वाणी थँक्यू नाही म्हणत, पण महिनाभर उधारीची वही चालवतो, सुट्टे नसले तर "राहू द्या, उद्या द्या" म्हणतो. आपल्याकडे निघताना ‘जातो’ नाही म्हणत, ‘येतो’ म्हणतात. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, काही नाही तर चमचाभर साखर तरी घालून द्यायची, माझी आई आजही देते. ‘आभारी आहे’ तर आपण घरच्या माणसाला म्हटलं तर त्याला परकं केल्यासारखं वाटतं. त्यामुळे ती मोजपट्टीच आपली नव्हती. दार धरण्याचं मात्र मान्य, ते आपण नाही धरत, आणि त्याला काही कारणही नाही.

परळचा_मुलगा
गोरेगावकर, जुन्या रीतींचं कौतुक चाललंय म्हणून लिहितोय. माझी आई वीस वर्षं लोकांकडे धुणी-भांडी करायची. बोलायला सगळे गोड, "बस गं जरा, चहा घे". पण तिचा कप वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, कान तुटलेला. चहा पिऊन तो तिनेच धुऊन परत तिथेच पालथा घालायचा. मी लहानपणी तिच्यासोबत गेलो की मला त्याच कपातून मिळायचा. त्या घरातल्यांचे शिष्टाचार बघायचे तर नंबर एक, पाहुण्याला पाटावर बसवणार, वाकून नमस्कार करणार. ‘अहो’ हे बरोबरीच्याला आणि वरच्याला होतं, आईला ‘अगं’ पण नाही, "ए". म्हणून सभ्यता कमी होतेय असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणाशी होती ती? मला ही धक्काबुक्कीची मुंबई परवडते. गाडीत धक्का मारणारा आडनाव विचारून मारत नाही.

मुलुंड_आई
मी त्या आईची बाजू घेणार. मुलगा चुकलाच. पण मावशी, तुम्ही दुसऱ्याच्या मुलाला गेटवर सगळ्यांदेखत टोकलंत, आईलाही कमीपणा आला, म्हणून ती तसं बोलली असेल. दिवसभर काम करून आलेली बाई, फोन पण कदाचित ऑफिसचाच. नंतर एकटीला भेटून सांगितलं असतंत तर तिनेच मुलाला समज दिली असती. आमच्या पिढीतल्या आयांना येता जाता सगळे शिकवतात, त्याचाही कंटाळा आलाय.

विरार_फास्ट
परळचा मुलगा, अगदी मनातलं बोललात. अजून एक सांगतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, मी अंधेरीहून हायवेने चालत निघालो होतो, कमरेएवढं पाणी. जोगेश्वरीच्या आसपास झोपडपट्टीतली एक बाई स्टीलच्या पेल्यातून चहा देत होती, येईल त्याला. माझ्या हातात पेला कोंबला आणि म्हणाली, "पी रे, आणि पेला ठेव, मागे माणसं आहेत". तू-तुकारातच. त्याच्याइतकं चांगलं मला आयुष्यात कोणी बोललेलं नाही. माणुसकी वेगळी आणि मॅनर्स वेगळे, हेच माझं म्हणणं आहे.

पार्सलवाला
मी डिलिव्हरी करतो, पवई-चांदिवली. वाचत होतो, राहवलं नाही. दादा, २६ जुलै एकदा येतो, मी रोज चाळीस दारं वाजवतो. मला सर म्हणू नका. लोकेशन नीट टाका आणि फोन उचला, बस. पार्सल घेताना निदान बघा माझ्याकडे, दाराच्या फटीतून हात बाहेर येतो आणि दार बंद. काही टॉवरमध्ये आम्हाला मेन लिफ्ट नाही, सर्व्हिस लिफ्ट बंद असली की जिन्याने जा. एकोणीस मजले चढलोय मी मे महिन्यात. एका बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, पाणी विचारतात, "भाऊ, जरा टेका" म्हणतात. त्यांचं पार्सल असलं की मी पहिलं तिकडे नेतो. पगार पाहिजे हे खरं, पण पगार कंपनी देते आणि पाणी आजी देतात, एकाने दुसरं भागत नाही.

सायन_सर्कल
सांगून कोणी सुधारत नाही, मला तरी अनुभव नाही. ट्रॅफिक पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला व्हिडिओ टाकलेला आठवतो का, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचा टायमर परत पहिल्यापासून? लोक एकमेकांना गप्प करायला लागले होते. तसंच पाहिजे, सगळीकडे.

दादरची_मावशी
सगळं दोनदा वाचलं. मुलुंड आई, तुमचं पटलं, मी तिला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं, आज जाऊन बोलेन. परळचा मुलगा, तुम्हाला काय लिहू. आमच्या माहेरी तसा कप होता, मोरीजवळच्या कोनाड्यात. मी तो रोज पाहिलाय आणि कधी विचारलं नाही हा कप इथे का. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, मनापासून.
पण मला अजूनही वाटतं की त्या घरात शिष्टाचार जास्त नव्हता, तो तुमच्या आईपर्यंत पोचू दिला नव्हता, आणि मी त्या मुलाला ‘काका म्हण’ म्हटलं ते त्याचसाठी. विरार फास्ट, जोगेश्वरीची बाई ‘पी रे’ म्हणाली ते आपलेपणाने, ‘ए वॉचमन’ मधला एकेरीपणा तो नाही हे तुम्हालाही ऐकू येत असणार.
पगाराचं मात्र तुमचं खरं. रविवारी आमची एजीएम आहे, विषय लेखी देतेय. तुमच्याकडे किती देतात ते सांगाल का, आकडा हातात असला की बोलायला बरं पडतं.

विरार_फास्ट
फरक ऐकू येतो मावशी, तो नाकारत नाही. आकडा मेसेज करतो. पण सोसायटी एजन्सीला किती देते ते विचारून थांबू नका, त्यातले काकांच्या हातात किती पडतात ते काकांनाच विचारा, आणि पीएफ कापतात का तेही. आम्ही विचारलं तेव्हा दोन्ही आकडे जुळत नव्हते.